विश्लेषण : फायबर एकच, मग कुणाचे इंटरनेट सुसाट आणि कुणाचे अडखळते का?

केंद्र सरकारच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ग्रामीण भागातील सर्व सरकारी माध्यमिक शाळा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांना ‘भारतनेट’मार्फत ब्रॉडबँड जोडणी देण्याची घोषणा झाली. म्हणजे तालुक्याच्या गावातून निघालेल्या फायबरवर ग्रामपंचायतीचे दाखले, शाळेतला ऑनलाइन तास, आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी ‘ई-संजीवनी’वर तज्ज्ञांचा घेतलेला सल्ला आणि घराघरांत सुरू असलेला क्रिकेटचा सामना, असे सगळेच एकत्र धावणार. या प्रत्येकाची गरज वेगळी. सामना चार सेकंद उशिरा दिसला तरी कुणाचे बिघडत नाही. डॉक्टरांचा आवाज चार सेकंद तुटला तर सल्ला पुन्हा विचारावा लागतो. फायबर पोहोचले की प्रश्न सुटला, असे मानले जाते. प्रत्यक्षात एकाच काचेच्या धाग्यावर कुणाला किती आणि कसे मिळणार, हा प्रश्न तिथून सुरू होतो.

वेग आणि दर्जा यांत फरक काय?

जाहिरातीत दिसतो तो वेग : ५० एमबीपीएस, १०० एमबीपीएस, ३०० एमबीपीएस. एका सेकंदात जास्तीत जास्त किती माहिती येऊ शकते, एवढेच तो आकडा सांगतो. दर्जा मात्र आणखी तीन-चार गोष्टींवर ठरतो. पाठवलेले पॅकेट समोर पोहोचून उत्तर यायला किती वेळ लागतो, म्हणजे विलंब. हा विलंब एकसारखा राहतो की सतत वरखाली होतो. याला तंत्रज्ञ ‘जिटर’ म्हणतात. वाटेत किती पॅकेट गहाळ होतात. आणि वर्षभरात जोडणी किती तास बंद पडते.

गंमत अशी की ज्या कामांना दर्जा सर्वात जास्त लागतो, त्यांना वेग फारसा लागत नाही. साध्या फोनकॉलला १०० केबीपीएसच्या आसपास पुरतात, चांगल्या व्हिडीओ कॉलला दोन-तीन एमबीपीएस. उलट फोरके चित्रपटाला १५ ते २५ एमबीपीएस लागतात, पण तो काही सेकंदांचा साठा आधीच करून ठेवतो, त्यामुळे मधले झटके प्रेक्षकाला जाणवत नाहीत. म्हणूनच ‘स्पीड टेस्ट’ला ९५ एमबीपीएस दाखवणाऱ्या घरात मुलीची ऑनलाइन मुलाखत मात्र अडखळते, हा अनुभव अनेकांना येतो. यात दर वेळी फायबरच दोषी असते असे नाही. चार भिंतींपलीकडे ठेवलेला वायफाय राऊटर आणि त्याच वाहिनीवर बोलणारे शेजाऱ्यांचे दहा राऊटर, हे कारण बरेचदा जास्त खरे असते.

घरापर्यंत येणारे फायबर किती जणांचे?

‘थेट घरापर्यंत फायबर’ हे शब्द ऐकून अनेकांना वाटते की कंपनीच्या केंद्रापासून आपल्या दारापर्यंत स्वतंत्र तार आली आहे. तसे नसते. केंद्रातल्या ‘ओएलटी’ नावाच्या यंत्रातून एक फायबर निघते आणि वाटेत, खांबावरच्या किंवा इमारतीच्या जिन्याखालच्या डबीत, ‘स्प्लिटर’ त्याचे ३२ किंवा ६४ फाटे करतो. या स्प्लिटरला वीज लागत नाही. भिंगातून प्रकाश विभागावा तसा तो निव्वळ प्रकाश वाटून देतो. म्हणून या पद्धतीला ‘पॅसिव्ह’ म्हणतात आणि ती स्वस्त पडते. भारतात सर्वाधिक वापरले जाणारे तंत्र ‘जीपॉन’. त्यात एका फायबरवर घराकडे येणारी क्षमता सुमारे २.५ जीबीपीएस आणि घराकडून जाणारी त्याच्या निम्मी, सुमारे १.२५ जीबीपीएस. येणारा आणि जाणारा प्रकाश वेगवेगळ्या तरंगलांबीचा असल्यामुळे एकाच धाग्यात दोन्ही दिशांची वाहतूक एकमेकांत न मिसळता चालते.

आता साधा भागाकार करू. २,४८८ एमबीपीएस भागिले ३२ घरे म्हणजे प्रत्येकी ७८. ६४ घरे असतील तर ३९. अपलोडचा वाटा तर ६४ घरांत प्रत्येकी १९ एमबीपीएस. तरीही त्या ६४ घरांना १०० एमबीपीएसचा प्लॅन विकला जातो. ही फसवणूक आहे का? नाही. सगळी घरे एकाच क्षणी पूर्ण वेगाने काहीतरी उतरवून घेत नाहीत. चाळीच्या टाकीतले पाणी सगळ्यांना पुरते ते याच हिशोबावर. बहुतेक वेळा हे गणित उत्तम चालते. ते बिघडते ते रात्री नऊच्या सुमारास, परीक्षेचा अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी किंवा करोनाकाळात घडले तसे सगळे गाव घरात बसून व्हिडीओवर बोलू लागते तेव्हा.

शिवाय चिंचोळी जागा फाट्यावरच असते असे नाही. समजा एका ओएलटीला अशी १६ फायबर जोडली आहेत, म्हणजे एकूण ४० जीबीपीएस. पण त्या यंत्राला पुढच्या शहराशी जोडणारी मागची वाहिनी १० जीबीपीएसचीच असेल, तर घरापर्यंतचे फायबर कितीही चकाचक असले तरी गर्दीच्या वेळी अडणार. मागची वाहिनी वाढवायला पैसे लागतात आणि ती ग्राहकाला दिसत नाही. काटकसर करायचा मोह इथेच सर्वाधिक होतो.

कुणाची पाळी कधी, हे कोण ठरवते?

घराकडे येणारी माहिती सोपी असते. ओएलटी ती सगळ्यांना पाठवतो, ती कूटबद्ध असते आणि प्रत्येक घरातले ‘ओएनटी’, म्हणजे भिंतीवरचे ते लुकलुकणारे यंत्र, फक्त आपल्या नावाची उचलते. खरी कसरत उलट्या दिशेला. ६४ घरांनी एकाच धाग्यात एकदम प्रकाश सोडला तर सगळ्याचीच खिचडी होईल. म्हणून ओएलटी प्रत्येकाला पाळी देतो. जोडणीच्या वेळीच तो प्रत्येक यंत्र किती दूर आहे हे मोजून घेतो. कुणी अर्ध्या किलोमीटरवर, कुणी पंधरा. त्यानुसार प्रत्येकाने केव्हा बोलायचे, हे ठरवून दिले जाते. जीपॉनमध्ये ही चौकट १२५ मायक्रोसेकंदांची असते. म्हणजे दर सेकंदाला आठ हजार वेळा पाळ्यांचे वेळापत्रक फिरते.

वेगवेगळ्या दर्जाची सेवा एकाच फायबरवर देता येते, ती याच वेळापत्रकामुळे. मानकात माहितीच्या रांगांचे प्रकार ठरलेले आहेत. पहिल्या प्रकारात ठरलेला वाटा कायम राखीव. वापरा किंवा वापरू नका, तुमची पाळी कुणाला दिली जात नाही. फोनकॉल किंवा मोबाइल टॉवरची जोडणी यासाठी तो योग्य. दुसऱ्यात हमी असते, पण तुम्ही मागितले तरच पाळी मिळते. न मागितलेली दुसऱ्याला जाते. तिसऱ्यात हमीच्या वर, उरलेल्यातला हिस्सा मिळू शकतो. चौथ्यात कसलीही हमी नाही, सगळ्यांचे झाल्यावर जे उरेल ते. पाचवा या सगळ्यांचे मिश्रण.

म्हणजे एकाच फायबरवर, एकाच इमारतीत, वरच्या मजल्यावरच्या दवाखान्याला २० एमबीपीएसची पक्की हमी आणि खालच्या मजल्यावरच्या घराला ३०० एमबीपीएसपर्यंत, पण हमीशिवाय, असे देता येते. त्यासाठी नवी तार लागत नाही, यंत्रात नियम भरावा लागतो. लोकलच्या पहिल्या वर्गाचा डबा दुसऱ्या वर्गाच्या आधी ठाण्याला पोहोचत नाही. तिथे पैसे मोजले जातात ते चढता येण्याचे. इथेही तसेच आहे. आपल्याकडची बहुतेक घरगुती जोडणी ‘उरेल ते’ किंवा त्याच्या जवळपासच्या प्रकारात मोडते, पण बिलावर ते कुठेही लिहिलेले नसते.

फायबरची क्षमताच वाढवायची तर? तेही तार न बदलता होते. ‘एक्सजीएस-पॉन’ हे पुढचे तंत्र दोन्ही दिशांना १० जीबीपीएस देते आणि त्याच्या तरंगलांबी वेगळ्या असल्याने जुन्या जीपॉनसोबत त्याच धाग्यावर नांदते. तुमच्या इमारतीत एकाच फायबरवर काही घरे जुन्या आणि काही नव्या तंत्रावर असू शकतात. बदलावी लागतात ती दोन्ही टोकांची यंत्रे.

कार्यालयांच्या ‘लीज्ड लाइन’ला जास्त पैसे कशाचे?

दहा एमबीपीएसच्या लीज्ड लाइनचे भाडे शंभर एमबीपीएसच्या घरगुती जोडणीपेक्षा कितीतरी जास्त असते, हे पाहून छोटे उद्योजक चक्रावतात. ते पैसे वेगाचे नसतातच. तो वेग दुसऱ्या कुणाशी वाटून घ्यावा लागत नाही, अपलोड डाउनलोडइतकाच असतो आणि करारात उपलब्धतेचा आकडा लिहिलेला असतो. हा आकडा नीट वाचला पाहिजे. ९९ टक्के ऐकायला उत्तम वाटते, पण त्याचा अर्थ वर्षात साडेतीन दिवसांहून जास्त बंद. ९९.९ टक्के म्हणजे पावणेनऊ तास. ९९.९९ टक्के म्हणजे ५३ मिनिटे. शेवटचा आकडा गाठायचा तर दोन वेगळ्या रस्त्यांनी आलेली दोन फायबर हवीत, म्हणजे एका रस्त्यावर महापालिकेचा जेसीबी चालला तरी दुसरे चालू राहील. खर्च तिथे होतो.

विलंबाची किंमत मुंबईच्या शेअर बाजाराइतकी कुणालाच ठाऊक नसेल. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे दर किलोमीटरला पाच मायक्रोसेकंद. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एनएसईपासून दलाल स्ट्रीटच्या बीएसईपर्यंतचा हा विलंब डोळ्याची पापणी लवण्याच्या शेकडो पट कमी. तरीही काही दलालांना या दोन बाजारांमध्ये इतरांपेक्षा जलद जोडणी मिळाल्याचा आरोप झाला. ‘डार्क फायबर’ म्हणून गाजलेले ते प्रकरण सेबीकडे आणि पुढे अपिलात गेले.

आणि एक विलंब असा की तो कुणालाच पैसे देऊन कमी करता येत नाही. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटर. जाऊन-येऊन पंचवीस हजार. प्रकाशाला फायबरमधून किमान १२५ मिलिसेकंद लागणारच आणि केबल सरळ रेषेत जात नाहीत, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त. न्यू जर्सीतल्या मुलाशी बोलताना दोघेही एकदमच बोलू लागतात, त्याचे एक कारण हे. प्लॅन बदलून उपयोग नाही.

शहरांना आणि देशांना जोडणाऱ्या केबलवर काय होते?

लांब पल्ल्याच्या फायबरवर पाळ्या वाटण्याऐवजी रंग वाटले जातात. एकाच धाग्यात वेगवेगळ्या तरंगलांबीचे डझनावारी प्रवाह एकाच वेळी जातात आणि प्रत्येक प्रवाह १०, १०० किंवा ४०० जीबीपीएसचा असू शकतो. पूर्वी प्रत्येक प्रवाहासाठी ५० गिगाहर्ट्झची ठरावीक जागा असे. स्कूटर असो वा ट्रक, वाहनतळावर सारखाच चौकोन आखलेला. दहा जीबीपीएसच्या प्रवाहाने अर्धी जागा वाया जायची आणि चारशेचा त्यात मावत नसे. २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने मानकात लवचीक आखणी आणली. त्यात १२.५ गिगाहर्ट्झच्या पटीत, प्रवाहाला लागेल तेवढीच जागा देता येते. त्यामुळे बँकेचा छोटा प्रवाह, दूरसंचार कंपनीचा मोठा आणि डेटा सेंटरचा अवाढव्य, असे सगळे एकाच धाग्यावर दाटीने बसवता येतात.

पण केबलच तुटली तर? सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात जेद्दाजवळ समुद्राखालच्या केबल तुटल्या आणि भारतासह अनेक देशांत इंटरनेट मंदावले. मायक्रोसॉफ्टने आपल्या क्लाउड सेवेचा पश्चिम आशियातून जाणारा प्रवाह दुसऱ्या मार्गाने वळवला आणि विलंब वाढेल, असे ग्राहकांना कळवले. अशा वेळी उरलेल्या मार्गावर सगळ्यांना जागा नसते. ज्यांच्या करारात पर्यायी मार्ग लिहिलेला आहे त्यांचा प्रवाह आधी वळतो, बाकीचे गर्दीत राहतात. घरगुती ग्राहक बाकीच्यांत असतो.

‘भारतनेट’मध्ये अडचण कुठे आली?

२०११ मध्ये ‘राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्क’ म्हणून मंजूर झालेल्या या योजनेचे ध्येय प्रत्येक ग्रामपंचायतीला १०० एमबीपीएस असे होते. पहिल्या टप्प्यातले तंत्र जीपॉनच. ओएलटी तालुक्याला आणि ओएनटी ग्रामपंचायतीत. बीएसएनएलचे आधीचे फायबर वापरून, जिथे नव्हते तेवढेच नवे टाकले गेले. रचना सरळ रेषेची, झाडाच्या फांदीसारखी. फांदी जिथे तुटेल त्यापुढची सगळी गावे बंद. रस्ता रुंदीकरण, पाण्याची पाइपलाइन, विजेचा खांब हलवणे, कशानेही ती तुटते. दुरुस्त करणाऱ्याला तालुक्याहून यावे लागते. आणि ज्या ग्रामपंचायतीत दिवसाचे काही तास वीजच नसते, तिथे ओएनटीही तेवढे तास बंदच.

म्हणजे कागदावर वेग १०० एमबीपीएस होता. दर्जाचा, म्हणजे उपलब्धतेचा, आकडा मात्र गावोगावी वेगळा. प्रगती मोजली गेली ती किती किलोमीटर फायबर टाकले आणि किती पंचायती ‘सेवेसाठी सज्ज’ झाल्या, यावर. सज्ज असणे आणि मंगळवारी सकाळी अकरा वाजता चालू असणे यात फरक आहे, हे सातबाराच्या उताऱ्यासाठी दोनदा परत गेलेल्या माणसाला सांगावे लागत नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या १,३९,५७९ कोटी रुपयांच्या सुधारित कार्यक्रमात या चुका मान्य केल्यासारखे बदल दिसतात. फांदीऐवजी कडे, म्हणजे तालुक्यापासून निघून गावे जोडत पुन्हा तालुक्याला येणारे वर्तुळ. एका बाजूला तुटले तरी दुसऱ्या बाजूने माहिती जाते. पॅकेटवर वर्गाची चिठ्ठी लावून त्यानुसार वाट आणि प्राधान्य देणारे ‘आयपी-एमपीएलएस’ तंत्र. आणि बांधणाऱ्यावरच दहा वर्षांच्या देखभालीची जबाबदारी. महाराष्ट्रात दुसरा टप्पा राज्य सरकारनेच ‘महानेट’ नावाने हाती घेतला होता. त्या फायबरची आजची अवस्था नव्या कामाला कितपत आधार देते, यावर इथला वेग अवलंबून राहील. वेगवेगळ्या दर्जाच्या सेवा देणारी यंत्रणा आता कागदावर आहे. आरोग्य केंद्राच्या जोडणीला कोणता वर्ग मिळणार, हे मात्र तंत्रज्ञान ठरवत नाही, निविदेतली अट ठरवते. तिथे फक्त ‘इतके एमबीपीएस’ असे लिहिले तर ‘उरेल ते’ मिळेल.

आरोग्य केंद्राला प्राधान्य दिले तर नेट न्यूट्रॅलिटीचा भंग होतो का?

फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘ट्राय’ने मजकुरानुसार वेगवेगळे डेटा दर आकारण्यास बंदी घातली आणि जुलै २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने नेट न्यूट्रॅलिटीच्या शिफारशी स्वीकारल्या. त्यानुसार एखादे संकेतस्थळ मुद्दाम मंद करणे, अडवणे किंवा दुसऱ्याला पुढे काढणे चालत नाही. मात्र विशेष दर्जाची गरज असलेल्या सेवांना आणि आपत्कालीन सेवांना वगळण्यात आले, अट एवढीच की त्यामुळे इतरांच्या सर्वसाधारण इंटरनेटची गुणवत्ता खालावता कामा नये. शिवाय इथे भेद मजकुराचा नसून जोडणीचा आहे. आरोग्य केंद्राने हमीची जोडणी घेतली तर त्यावरून कुठलेही संकेतस्थळ उघडले तरी तीच हमी मिळते.

धोका वेगळ्या बाजूने आहे. ‘विशेष सेवा’ या नावाखाली कंपन्यांनी खेळांचे ॲप किंवा स्वतःचीच चित्रपटसेवा पुढच्या रांगेत नेऊन बसवली, तर उरलेल्यांचे ‘उरेल ते’ आणखी आक्रसेल. क्षमता वाढवण्यापेक्षा रांगा वाढवणे नेहमीच स्वस्त असते. म्हणून एकूण क्षमतेतला किती वाटा राखीव आणि किती सर्वांसाठी, हे जाहीर व्हायला हवे. सध्या ते कंपनीच्या यंत्रातच राहते.

ग्राहकाला यातले काय सांगितले जाते?

ब्रिटनमध्ये मे २०१८ पासून जाहिरातीत तोच वेग छापता येतो जो रात्री आठ ते दहा या गर्दीच्या वेळेत किमान निम्म्या ग्राहकांना मिळतो. अमेरिकेत एप्रिल २०२४ पासून खाद्यपदार्थाच्या वेष्टनावर असते तशी पट्टी प्रत्येक ब्रॉडबँड प्लॅनला लावावी लागते. त्यात किंमत, डाउनलोड, अपलोड आणि विलंब हे चारही लिहावे लागते.

आपल्याकडे ‘ट्राय’ने ऑगस्ट २०२४ मध्ये सेवेच्या दर्जाचे नवे नियम काढले. ते १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले आणि कंपन्यांनी आपली कामगिरी संकेतस्थळावर प्रसिद्ध करणे त्यात बंधनकारक आहे. पाऊल चांगले आहे. पण हे आकडे विस्तृत परिमंडळाच्या सरासरीचे असतात. तुमच्या फायबरला किती फाटे आहेत आणि रात्री नऊला तुमच्या मागच्या वाहिनीवर किती गर्दी असते, ते त्यातून कळत नाही. तोवर जोडणी घेताना विचारण्यासारखे तीन प्रश्न उरतात : अपलोडचा वेग किती, डेटाची मर्यादा संपल्यावर तो किती राहतो आणि बंद पडल्यास किती तासांत दुरुस्त करण्याचे लेखी आश्वासन आहे. तिसऱ्याचे उत्तर बहुधा ‘लगेच माणूस पाठवतो’ असे असते.

आणि देशातील ब्रॉडबँडची अधिकृत व्याख्या? जानेवारी २०२३ मध्ये ती ५१२ केबीपीएसवरून वाढवून किमान २ एमबीपीएस करण्यात आली. तो वेग डाउनलोडचा आहे. अपलोड आणि विलंब यांचा त्या व्याख्येत उल्लेख नाही.